कॅरी ऑनची शिट्टी

कुंडलच्या पलीकडच्या त्या गावातून समुद्र गाठायचा तर अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. तरी आकाराम मास्तरांनी हायस्कूलच्या मैदानावर जहाज उभं केलं होतं. जहाज म्हणजे काय, तर एक लोखंडी डोलकाठी, तिच्याखाली सिमेंटचा कट्टा आणि भोवती चुन्यानं आखलेली लांबट रेघ. रेघेच्या आत पाय पडला की डेक. आत आलेल्या पोरानं आधी डोलकाठीकडं तोंड करून सलाम ठोकायचा आणि लघवीला जायचं असलं तरी ओरडून सांगायचं, "सर, किनाऱ्यावर जायची परवानगी!"

पानपट्टीवरच्या मंडळींना हा रोजचा तमाशा होता. "काय मास्तर, भरती कवा हाय? म्हशी सोडू का न्हाई?" असं कुणीतरी विचारायचंच. गावात घरटी एक माणूस फौजेत. पण नौदलात बावीस वर्षं काढून आलेला एकटा आकाराम. फौजेतले पेन्शनर त्याला 'पाण्यातला शिपाई' म्हणून चिडवायचे. आकाराम हसायचा, पण त्याला ते लागायचं. गावातलं एक तरी पोर पांढऱ्या गणवेशात अधिकारी होऊन आलेलं त्याला या सगळ्यांना दाखवायचं होतं. सहा वर्षं त्यानं त्यासाठी जीव ओतला. आधी नऊ पोरं होती, ती बेचाळीस झाली.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं ते पटायला जड जाईल.

त्या वर्षी पाच एप्रिलला, सागरी दिवसाच्या सोहळ्याला, मुंबईचे नौदलाचे साहेब येणार होते. त्यांना पोरांचं हे सागरी पथक पसंत पडलं तर कायमची मान्यता मिळणार होती आणि पोरांना खऱ्या समुद्रावर शिबिराला जायला मिळणार होतं. आकारामनं महिनाभर आधी कामांची वाटणी करून कागद फळ्यावर चिकटवला. निशाण कुणी बांधायचं, दोरी कुणी ओढायची, घंटा कुणी द्यायची, स्ट्रेचर घेऊन मागं कुणी उभं राहायचं, सगळं त्यात होतं. आणि शिट्टी सोनियाकडं.

शिट्टी म्हणजे खेळाच्या मास्तरांची नव्हे. ही जहाजावरची पितळी, वाकड्या मानेची. तिचा लांब, एकसुरी आवाज आला की 'स्टिल'. मग डेकवर कुणी बोटसुद्धा हलवायचं नाही. निशाण वर जाऊन पोचलं की तिचाच दुसरा आवाज, 'कॅरी ऑन', आणि तो आला की सगळे मोकळे. सोनिया नववीतली, मूळची आटपाडीकडची. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ, म्हणून ही इथं हरणाबाई आत्याकडं शिकायला. रानात मेंढरांना साद घालून तिची छाती अशी तयार झालेली, की 'स्टिल'चा सूर ती एका दमात ओढायची आणि तो कुठं हलायचा नाही. आकाराम म्हणायचा, "आमच्या जहाजावर बी असं कुनी वाजवत न्हवतं."

आता त्याच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. उन्हात तासतास उभं राहिल्यावर एखादं पोर चक्कर येऊन पडतंच. खऱ्या जहाजावर त्याला मागून गुपचूप उचलून नेतात. आकारामही आधी तसंच करायचा. पण दोन वर्षांपूर्वी निशाण चढत असताना स्ट्रेचरवाली दोन पोरं धावली, त्यांच्या चपला फटफट वाजल्या, आणि तेव्हाचे पाहुणे म्हणाले, "अहो, हे संचलन आहे की जत्रा?" सगळ्यांसमोर. तो शब्द आकारामच्या काळजात रुतून बसला. दुसऱ्याच दिवशी त्यानं स्वतःचा नियम काढला, की स्टिल असताना स्ट्रेचरनंसुद्धा हलायचं नाही. कुणी पडलं तर पडू दे. निशाण वर जायला पन्नास सेकंद लागतात. पन्नास सेकंदांत कुणी मरत नाही.

साहेब आठला येणार होते, आले पावणेदहाला. पोरं साडेसातपासून रांगेत. एप्रिलचं ऊन, अंगात कडक इस्त्रीचे कपडे. उपाशीपोटी आलेली निम्मी, कारण खाऊन उभं राहिलं की मळमळतं हे आकारामनंच शिकवलेलं. मागच्या रांगेत टोकाला इंद्रजित उभा होता. सातवीतला, पथकात सगळ्यात लहान. त्याचा बाप सयाजी फौजेत हवालदार, तेव्हा सरहद्दीकडं कुठंतरी. मुलाचा गणवेशातला फोटो त्यानं आदल्याच रात्री मोबाईलवर मागवून घेतला होता.

साहेब मंचावर चढले. आकारामनं मान खाली करून खूण केली आणि सोनियानं 'स्टिल' वाजवलं. मैदान गप्प झालं. पानपट्टीवरची मंडळीसुद्धा उठून उभी राहिली. निशाण हळूहळू चढायला लागलं, आणि अर्ध्यावर अडकलं. वर कप्पीत दोरीला पीळ बसला होता. दोरीवाल्या पोरानं ओढली, सैल सोडली, पुन्हा ओढली. साहेबांचा हात सलामीला तसाच, नजर वर निशाणावर.

तेवढ्यात मागं इंद्रजित पडला. गुडघे दुमडून नाही, तर सरळ तोंडावर. रेघेकडेच्या दगडावर कपाळ आपटल्याचा आवाज मंचापर्यंत आला. पालक लांब, कुंपणाच्या दोरीपलीकडच्या मांडवात. त्यांना रांगांमधून काही दिसत नव्हतं. दिसलं ते स्ट्रेचरवाल्या पोरांना, आणि ती हलली नाहीत. त्यांना तसंच शिकवलं होतं.

सोनिया डोलकाठीपाशी होती. तिनं इंद्रजितला पाहिलं. त्याचं तोंड मातीत होतं, त्याला उलटी होत होती आणि त्याची पाठ वरखाली होत होती. तिनं शिट्टी ओठांशी धरली आणि मास्तरांकडं पाहिलं. मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी विचारलं. वाजवू?

आकारामनंही सगळं पाहिलं होतं. हे नीट ध्यानात घ्या. त्याला दिसलं नाही असं नाही. त्याला पोर दिसलं, शिट्टी दिसली आणि अर्ध्यावर लोंबणारं निशाणही दिसलं. आता कॅरी ऑन वाजलं तर निशाण अर्ध्यावर, सोहळा मोडला, मान्यता गेली, सहा वर्षं गेली. झालंच, आणखी दहा सेकंद, असं तो मनाशी म्हणाला. आणि त्यानं हनुवटी अगदी जराशी उजवीकडून डावीकडं नेली. नको.

सोनियानं शिट्टी खाली घेतली.

दहा सेकंदांचे वीस झाले. पीळ सुटला, पुन्हा बसला. शेवटी दोरीवाला पोरगा रडकुंडीला येऊन लोंबकळला तेव्हा निशाण वर पोचलं. आकारामला वेळ मोजायची जन्माची सवय. चार मिनिटं आणि वर काही सेकंद. तोवर इंद्रजितची पाठ हलायची थांबली होती.

सांगलीच्या दवाखान्यात त्याला दोन दिवस मशीनवर ठेवलं. डॉक्टरांनी आकारामला बाजूला घेऊन सांगितलं, कपाळाची जखम वरवरची होती. उलटी श्वासनळीत गेली. कुणीतरी त्याला नुसतं कुशीवर वळवायला हवं होतं. नुसतं कुशीवर, असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्या दिवशी पोरगं गेलं.

संस्थेचे चेअरमन नानासो यांनी आठवड्याच्या आत चौकशी उरकली. ऑफिसात पंखा फिरत होता, टेबलावर फळ्यावरचा तो कागद होता. नानासोंनी त्यावर बोट ठेवलं. "मास्तर, कॅरी ऑन वाजवायचं काम कुनाचं?"

"सोनियाचं."

"तिनं ते येळेवर वाजवलं?"

"न्हाई."

"मग झालं की. पोरीला सुचलं न्हाई, बावरली. ल्हान हाय, तिला कोन फासावर देत न्हाई. पथक वाचंल, शाळा वाचंल. ह्या अहवालावर तुमी सही करा."

इथं एक वाक्य बोलायचं होतं. मीच तिला थांबवलं. एवढंच. आकारामच्या ओठावर ते आलंही. पण नानासोंनी पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं होतं, आणि बावीस वर्षं वरिष्ठानं पुढं केलेल्या कागदावर सही करत आलेला हात पुढं झाला. पोरीला काही होत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. भ्याडपणाला माणूस किती चांगले कपडे घालतो!

पोरीला काही होत नाही म्हणता म्हणता गावानं करायचं ते केलं. नळावर बाया हरणाबाईला वाट देईनात. वर्गात सोनियाच्या बाकावर कुणी बसेना. "हिच्या हातात शिट्टी हुती, बघत बसली," असं तिच्या तोंडावर म्हणाले. ती उलटून एक अक्षर बोलली नाही. आकारामला वाटत होतं, आज बोलेल, उद्या बोलेल, सर नको म्हणाले हे ओरडून सांगेल. तिनं सांगितलं असतं तर तो सुटला असता. ती काहीच बोलत नव्हती, आणि त्यामुळं त्याची झोप उडाली होती. जेवण समोर आलं की त्याला मातीत रुतलेलं तोंड दिसायचं. बायकोनं दोनदा विचारलं, काय होतंय. तो म्हणाला, पित्त.

तेराव्यानंतर त्यानं ठरवलं. रजा काढून आलेल्या सयाजीला जाऊन सांगायचं. तो मारेल तर मारू दे, पोलिसात देईल तर देऊ दे. दुपारी तीनला त्यानं शर्ट घातला आणि निघाला. वाटेत दोनदा वाक्य जुळवलं. तिसऱ्यांदा तो ते मोठ्यानं म्हणाला, तेव्हा उसाच्या कडेला उभ्या बाईनं वळून पाहिलं.

सयाजीच्या घरात पाऊल टाकलं तर सोप्यात सोनिया बसलेली. हरणाबाई तिच्या मागं, पदर तोंडाला लावून. सयाजी भिंतीला टेकून होता, दाढी वाढलेली, पण पाठ अजून फौजीच.

"या मास्तर. बसा," तो म्हणाला. "ही पोरगी माफी मागाया आलीया. मी तिला सांगतोय, तुझा काय गुन्हा न्हाई. हुकूम नसताना शिपाई हलत न्हाई, हे मी जानतो. पन मास्तर, मला एक सांगा. त्या दिशी हुकूम द्यायचा कुनी हुता?"

आकाराम बसला नाही. वाक्य जिभेवर होतं. त्यानं श्वास घेतला.

"सर हुते की," सोनियाच म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "मी सरांकडं बघितलं हुतं, दादा. सरांनी मान हलवली. मला वाटलं, नको म्हनत्यात. ऊन माज्या डोळ्यावर हुतं, मला नीट दिसलं न्हाई." तिनं डोळ्यांवर हात आडवा धरून दाखवला. "मी लय इचार केला. रोज रातच्याला त्योच इचार करते. इंद्रा समोर पडलेला असताना सर नको कसं म्हनतील? सर तसलं न्हाईत. सर वाजवच म्हनत हुते. मलाच उलटं दिसलं." आणि तिनं वर पाहिलं. "व्हय ना सर?"

सयाजीही पाहत होता. हरणाबाईनं पदर तोंडावरून काढला. आतल्या दाराशी इंद्रजितची आई येऊन उभी राहिली होती.

पोरीच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. ती त्याला वाचवायला बोलत नव्हती, खरं तेच विचारत होती. पंधरा दिवस एकटीनं डोकं शिणवून तिनं हे शोधून काढलं होतं, कारण आपला मास्तर असं करू शकतो हे मानण्यापेक्षा आपलेच डोळे फुटके मानणं तिला सोपं गेलं. आकारामला फक्त 'न्हाई' म्हणायचं होतं. त्याला ते कळत होतं. तोंड उघडलंही.

"व्हय," तो म्हणाला.

सयाजीनं खाली मान घातली. मग उठला आणि आकारामपुढं हात जोडले. "माफ करा मास्तर. खोटं कशाला बोलू, मनात तुमच्याबद्दल लय वंगाळ आलं हुतं. बसा. आगं, च्या टाक मास्तरांना."

आई आत वळली. स्टोव्हचा आवाज यायला लागला. सोनिया तशीच बसून होती. पंधरा दिवस ती रडली नव्हती, आताही रडली नाही. नुसती मान हलवत राहिली, गणित सुटल्यावर पोरं हलवतात तशी.

"मंजी माज्यामुळंच गेला इंद्रा," ती म्हणाली.

चहा आला. आकारामनं कप हातात घेतला.