विहिरीतली नीळ

“पिवळं होत नाय, भाऊसाहेब,” पुतळीने काचेची नळी उन्हात धरून सांगितलं.

“होईल. जरा हलव.”

“किती हलवू? हातालाच भूकंप लागला.”

ग्रामसेवक जतीनभाऊ हसले नाहीत. तलासरीकडच्या त्या पाड्यात नोव्हेंबरपासून जमिनीने इतके झटके दिले होते, की माणसं विनोदसुद्धा घराबाहेर येऊनच करत.

पुतळी ग्रामपंचायतीची जलसुरक्षक. बारा वर्षं तिचं काम एकच. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायची, तासाभराने पाणी नळीत घ्यायचं, वर औषधाचे थेंब सोडायचे. पिवळं झालं तर प्यायचं. फेब्रुवारीतल्या मोठ्या धक्क्यानंतर मात्र दुप्पट पावडर टाकूनही पाणी जसंच्या तसं. पावडरचा जोर कुठली घाण खातेय, ते पुतळीने ओळखलं होतं. विहिरीपासून दहा पावलांवर गोविंदरावांचा संडास, आणि मधल्या जमिनीला भेग. पाड्यातल्या तानीची दोन्ही पोरं सरकारी दवाखान्यात सलाइनवर होती.

“उद्या दहाला तालुक्याच्या मॅडम तपासायला येतायत,” जतीनभाऊ म्हणाले. “साडेनऊला टाक पावडर, भरपूर. नळी पिवळी, विहिरीला चांगल्या पाण्याचं हिरवं कार्ड, विषय संपला.”

“नि दुपारी पाणी प्यायचं कोणी?”

“दुपारी मॅडम चारोटीच्या हॉटेलात जेवत असतील.”

चिकूच्या वाडीतून गोविंदराव आले. विहीर त्यांची, पाड्याला वापरायला दिलेली. पाण्याला नाव ठेवलं, की ते थेट घराण्याला लागायचं.

“माझ्या आजोबांनी खणली. ऐंशी वर्षांत कुणाचं पोट दुखलं नाय!”

“आजोबा रानात जायचे, दादा. संडास तुम्ही बांधला.”

“अनुदानातला आहे तो!” गोविंदराव गरजले. अनुदानातलं झिरपत नाही, असा त्यांचा समज असावा.

संध्याकाळी पुतळी पाड्यात घरोघर सांगून आली, “उद्या सकाळी विहिरीला हात लावायचा नाय.” मग वाडीत गेली. गोविंदरावांचं सगळं घर भूकंपाच्या भीतीने अंगणात, ताडपत्रीखाली मुक्कामाला होतं.

“ताई, पोट बिघडलंय. जाऊ का जरा?” तिने सुनेला विचारलं.

त्या दिवसांत बिघडलेल्या पोटाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पदराखाली कपड्यांच्या निळीच्या बाटल्या होत्या. पुतळीने त्या संडासात रित्या केल्या आणि वर चार बादल्या पाणी ओतलं.

सकाळी मॅडमसमोर पहिली बादली वर आली, ती निळी.

“पावडरचा रंग असेल,” जतीनभाऊ म्हणाले.

“पावडर आज टाकलीच नाय,” पुतळी म्हणाली. “नीळ टाकली. काल. दादांच्या संडासात.”

गोविंदरावांनी बादलीकडे पाहिलं, मग संडासाकडे, आणि तोंडाला टॉवेल लावला. पहाटे अंधारात मोटर लावून भरलेल्या पाण्याचा त्यांनी दोनदा चहा घेतला होता.

मॅडमनी लाल कार्ड दिलं. विहिरीवर काटेरी फांद्या पडल्या. दुपारी जतीनभाऊंनी पुतळीकडून पिशवी, नळी, औषध परत मागितलं. कारण, न विचारता सरकारी पाण्यात परकी वस्तू.

“काल विहीर दादांची होती. सरकारी कधी झाली?”

जतीनभाऊंनी पिशवीसाठी हात पुढे केला. पुतळीने सामान दिलं, पोचपावती मागितली आणि ती घेतल्याशिवाय हलली नाही.

आता पाणी टेकडीपलीकडच्या हातपंपाचं. दुसऱ्या दिवशी रांगेत गोविंदराव कॅन घेऊन आले. सवयीने बायका बाजूला झाल्या. पुतळीने हंडा तोटीखालून काढला नाही.

“दादा, नंबर लावा.”

तेवढ्यात जमीन हलली. रांगेतले हंडे एकमेकांवर वाजले. जागचं कुणी हललं नाही. गोविंदराव कॅन उचलून शेवटी गेले, तानीच्या सासूमागे उभे राहिले. पुतळीने पुन्हा दांडा खाली दाबला.