आत्याची कात्री

माझ्या पहिल्या फिल्मची दिग्दर्शक मी आणि नटीही मीच, कारण फुकटात दुसरी कोणी मिळेना. ऑकलंडच्या कॉलेजचा कॅमेरा घेऊन मी आणि माझा वर्गमित्र फिनाऊ कोलोवाईला, समुद्रापलीकडच्या बेटावरच्या माझ्या गावी, आलो होतो. हातात शुक्रवार आणि शनिवार. रविवारी आमच्याकडे चर्च सोडून कोणी काडी हलवत नाही.

गोष्ट साधी होती. एक मुलगी बापाच्या मयताला बोटीने गावी येते. माझे बाबा गेले तेव्हा मी नव्हते आले. त्या वर्षी साथीमुळे सीमा बंद होत्या, बाबांना पुरताना मी फोनवर बघितलं, आणि भजन सुरू झालं तिथेच नेट गेलं. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्यात बाप गेला की त्याची मोठी बहीण मुलींचे केस कापते. फिल्ममधली आत्या म्हणून मी माझ्याच आत्याला, तोकिलुपेला, घेतलं. मयत शुक्रवारी आणि धक्क्यावर उतरण्याचा सीन शनिवारी, त्यात कंबरेपर्यंत केस हवेत. म्हणून कापायला मी ऑकलंडहून खोटी वेणी आणली होती. आत्याने ती मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली आणि हे कुणाचे केस म्हणून विचारलं. दुकानातले, मी म्हटलं. आत्याने ती माझ्या मांडीवर टाकली. तेव्हाच समजून जायला हवं होतं, पण मी कसली समजतेय!

मी वीस माणसं बोलावली होती, आली साठ. काळे कपडे, कमरेला सुतकात गुंडाळतात त्या चटया, सोबत पातेली आणि एक अख्खं भाजलेलं डुक्कर. अहो, हे खोटं मयत आहे, मी सांगत सुटले. एका म्हातारीने शांतपणे विचारलं, मग भूकही खोटीच लागणार का? मी पातेली ठेवायला जागा दाखवली. शवपेटीत झोपवलेले शेजारचे विलिआमीकाका तोवर खरंच घोरायला लागले होते. त्यांचं तोंड दिसू नये म्हणून फिनाऊने कॅमेरा सरकवला.

मी चटईवर बसले. बायकांनी भजन धरलं, मी न सांगता, फोनवर तुटलं होतं तेच. आत्या मागे आली. खोटी वेणी माझ्या बाजूला येऊन पडली आणि माझी खरी वेणी तिच्या मुठीत गेली. थांबा म्हणायला वेळ होता, दिग्दर्शक मीच होते. पण माझ्या मानेवर हात ठेवून आत्याही तेच भजन म्हणत होती, आणि मी मान पुढे केली. कात्री चालली. मी कागदावर एक अश्रू लिहिला होता. प्रत्यक्षात नाक-तोंड सगळं वाहिलं.

आत्या कानाशी म्हणाली, "दोन वर्षं झाली, पोरी. फोनवर तुझे केस दिसले की वाटायचं, माझा भाऊ अजून न पुरता घरातच ठेवलाय."

जेवणं होईपर्यंत मी तिच्यावर फुगून होते. "आत्या, माझी फिल्म गेली," मी म्हटलं. तिने माझ्या पानात आणखी डुक्कर वाढलं.

शनिवारी खोटी वेणी लावून धक्क्यावर उभी राहिले, तर पाठीला गाईचं शेपूट चिकटवल्यासारखं दिसत होतं. तो सीन मी काढूनच टाकला. संध्याकाळी आत्या खरी वेणी कापडात गुंडाळून घेऊन आली आणि आम्ही दोघींनी ती बाबांच्या कबरीच्या वाळूत पुरली. फिनाऊ कॅमेरा घेऊन मागे निघाला होता. त्याला मी गाडीतच बसवलं. चांगला शेवट हातचा घालवलास, असं तो अजून म्हणतो.

फिल्म सहा मिनिटांची झाली आणि तिच्या शेवटी आभारांची यादी दीड मिनिटाची. कॉलेजातल्या सरांनी यादी कापायला सांगितली, जमलेल्या गर्दीची नावं एवढी कोण देतं म्हणाले.

"सर, ती गर्दी नाही," मी म्हटलं. "माझ्या बाबांच्या मयताला आलेली माणसं आहेत."