रिकाम्या टाकीतला पंप

मी पंप बोलतोय. नाक्यावरचा, जिथे तुम्ही रांगेत उभे राहून उगाच हॉर्न वाजवता, तो नव्हे. मी गाडीतला. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि त्या टाकीच्या तळाशी, पेट्रोलमध्ये बुडून, मी बसलेला असतो. म्हणजे असायचो. आता मी गॅरेजच्या दाराशी भंगाराच्या खोक्यात पडलोय, एका फुटक्या आरशाला टेकून. आणि मला भयंकर राग आलाय. गोड गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात एक छोटीशी विजेची मोटर बसवली. पेट्रोलच्या टाकीत विजेची मोटर म्हटल्यावर तुमच्या अंगावर काटा येतो. येऊ द्या. पण नुसतं पेट्रोल पेटत नाही हो, त्याला हवा लागते, आणि पेट्रोलात बुडालेल्या माझ्या पोटात हवा कुठून येणार?

तुम्ही चावी फिरवता तेव्हा मागून क्षणभर 'घूंऽ' असा आवाज येतो ना, तो माझा. तेवढ्यात मी पेट्रोल उचलतो, गाळणीतून ढकलतो आणि गाडीच्या पोटाखालच्या नळीतून दाबाने थेट इंजिनापर्यंत पोचवतो. तिथे इंजेक्टर नावाची नाजूक मंडळी बसलेली असतात. ती त्या पेट्रोलचा बारीक फवारा करतात, त्यात हवा मिसळते, ठिणगी पडते आणि गाडी पळते. कौतुक सगळं इंजिनाचं होतं. माझं नावही कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याबद्दल माझी कधी तक्रारही नव्हती.

मला हवं होतं फक्त एक. जे पेट्रोल मी पुढे ढकलतो, ते माझ्या पोटातूनच जातं. तेच मला थंड ठेवतं, तेच माझं वंगण. टाकीत पेट्रोल असेल तर मी वर्षानुवर्षं कुरकुर न करता राबतो. टाकी कोरडी पडली की मी तापतो, आणि असा रोज तापत राहिलो की जळतो. एवढं साधं आहे.

माझा पहिला मालक हे जाणून होता. तो फार बोलायचा नाही, पण काटा अर्ध्यावर आला की गाडी पेट्रोल भरायला वळायचीच. बायको मागे बसून म्हणायची, "अहो, अजून अर्धी टाकी आहे की!" तो म्हणायचा, "असू दे. आपल्याला काय वाळवंटात जायचंय की काय, पण असू दे." त्याच्या हाताखाली मी सुखात होतो. मग तो गेला. झोपेतच गेला, आणि गाडी त्याच्या दोन मुलांच्या हाती आली.

थोरला शाळेत गणित शिकवतो, धाकट्याचं फर्निचरचं दुकान आहे. एकाच घरात राहतात, थोरला खाली, धाकटा वर. आई खालच्याच मागच्या खोलीत. गाडी विकायला आईने ठाम नकार दिला, म्हणून दोघांनी एक व्यवहार ठरवला. एक आठवडा तुझा, एक आठवडा माझा, रविवारी दुपारी बारा वाजता चावी हातात द्यायची. पेट्रोल ज्याचं त्याने घालायचं. आणि ज्याच्या आठवड्यात गाडी बिघडेल, दुरुस्ती त्याची.

या शेवटच्या अटीने माझा जीव घेतला.

कारण रविवारी बारा वाजता टाकीत पेट्रोल उरणं म्हणजे भावाला फुकट देणं! थोरल्याचं गणित इतकं पक्कं, की गाडी अंगणात येऊन थांबायची तेव्हा टाकीत जेमतेम नाक्यापर्यंत पोचण्यापुरतं पेट्रोल असायचं. धाकट्याने एकदा हे पाहिलं आणि तोही तेच करायला लागला. "त्याने माझ्यासाठी कोरडी ठेवली, मी का भरून ठेवू?" असं तो बायकोला सांगायचा. पुढे पुढे तर दोघंही आठवडाभर घोटघोटच भरायचे. काटा कायम तळाला. पिवळा दिवा पेटलेलाच असायचा, आणि तो जणू देवघरातला असावा तसे दोघं त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

इकडे वळणावर गाडी कलली की उरलंसुरलं पेट्रोल टाकीच्या कोपऱ्यात पळायचं आणि मी हवा ओढत बसायचो. तळाचा गाळ माझ्या जाळीत अडकला. अंगाची लाही लाही व्हायची. मी आवाज चढवला. पूर्वी 'घूं' करायचो, आता किंचाळायला लागलो. दोघांनीही ऐकलं, आणि दोघांनीही गाण्याचा आवाज वाढवला.

मग एका सकाळी मी उठलोच नाही. थोरल्याचा आठवडा होता. त्याने ह्याच गॅरेजच्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने गाडीखाली सरकून टाकीला तळातून हातोडीच्या दांड्याने दोन ठोके दिले. दचकून माझी मोटर फिरली.

मेकॅनिक म्हणाला, "सर, पंप जायला आलाय. बदलायला लागेल."

"आणि नाही बदलला तर?"

"चालतोय तोवर चालवा. बंद पडला की असे दोन ठोके द्यायचे."

हा मेकॅनिक! त्याला सगळं कळत होतं. टाकी भरलेली ठेवा, आज बदलून घ्या, एवढं ठणकावून सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं? पण गिऱ्हाईक नाराज व्हायला नको ना. थोरल्याने डिकीत एक दांडका ठेवला, शनिवारपर्यंत मला ठोकून ठोकून चालवलं आणि रविवारी हसत चावी दिली. "गाडी एकदम मस्त चालतेय हं," म्हणाला.

धाकटाही काही दुधखुळा नव्हता. गाडी सुरू होईना तेव्हा त्याने स्वतःची युक्ती शोधली. चावी अर्धी फिरवायची, थांबायचं, बंद करायची, परत फिरवायची. प्रत्येक वेळी मी थोडं थोडं पेट्रोल पुढे ढकलायचो आणि पाच-सहा वेळा असं केलं की इंजिन धरायचं. त्यानेही रविवारी चावी देताना भावाला सांगितलं, "काही त्रास नाही बघ."

एकाला माहीत, दुसऱ्यालाही माहीत, आणि दोघंही वाट बघत होते की मी दुसऱ्याच्या आठवड्यात मरावं.

मग तो रविवार आला. आईचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू होता. सगळा संसार तिने उजव्यावर केला. त्या सकाळी तिला उजव्या डोळ्यासमोर खालून काळा पडदा चढताना दिसायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "आतला पडदा सुटतोय. मधला भाग अजून शाबूत आहे, तो सुटला तर नजर जाईल. असेच उठा आणि घेऊन या, मी थांबतो."

बाराला थोडा वेळ होता, म्हणजे अजून धाकट्याचाच आठवडा, म्हणून तोच चालवायला बसला. थोरला त्याच्या शेजारी. आई मागे, बरोबर माझ्या डोक्यावर. काटा अर्थातच तळाला. लांबलचक पुलाच्या मध्यावर चढ लागला, पेट्रोल मागच्या कोपऱ्यात गेलं, मी कोरडी हवा ओढली, आतून करपलो आणि थांबलो.

धाकट्याने चावी अर्धी फिरवली. थांबला. परत फिरवली. थोरला त्याच्या हाताकडे बघत म्हणाला, "हे काय चाललंय तुझं?"

"काही नाही. कधी कधी लागतं असं."

"कधीपासून लागतं?"

 थोरला उतरला, डिकीतून दांडका काढला आणि गाडीखाली वाकून टाकी ठोकायला लागला. आता धाकटा खाली उतरला.

"दादा! तुला ठोकायची जागा कशी माहीत?"

"आधी सुरू होऊ दे, मग बोलू."

"नाही, आत्ताच बोल. तू मला मेलेला पंप गळ्यात मारत होतास!"

"आणि तू? तू काय ताजा परत करत होतास? आता बारा वाजून गेलेत म्हणून तोंड उघडतोयस, म्हणजे दुरुस्ती माझ्या बोकांडी!"

"बारा वाजून गेल्यावरच बंद पडलीय!"

"घरी चावी कुठे दिलीस मला? चावी तुझ्याकडे, आठवडा तुझा!"

पुलावर, मागून हॉर्न वाजत असताना, सख्खे भाऊ घड्याळं एकमेकांच्या नाकापुढे धरून भांडत होते. मधूनच एकजण ठोकायचा, मधूनच दुसरा चावी फिरवायचा. येणाऱ्या एकाही गाडीला त्यांनी हात केला नाही. मला तोंड असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. अरे नालायकांनो, मी मेलोय, आता मागे बघा!

 मग मागून आईने विचारलं, "तुम्हाला दोघांनाही ठाऊक होतं?"

धाकटा पुन्हा चावी फिरवायला लागला.

"पडदा मध्यावर आला रे," ती म्हणाली. मग दार उघडल्याचा आवाज आला. काही क्षणांनी एक टेम्पो करकचून थांबला आणि ड्रायव्हर ओरडला, "आजी, मरायचंय का?"

"नाही रे बाबा. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. सोडशील?"

"आई, थांब!" दोघं एकदम ओरडले. टेम्पो थांबला नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मधला भाग सुटायच्या आत आला असतात तर. आता आईला त्या डोळ्याने उजेड-अंधार तेवढा कळतो.

आज मला टाकीतून उपटून काढलं आणि माझ्या जागी नवा पंप बसवला. तो चकचकीत आहे, बिचारा. मेकॅनिकने फोन करून सांगितलं, टाकी कोरडी आहे, येताना पेट्रोल आणा. दोघं वेगवेगळे आले, आई थोरल्याबरोबर, आणि दोघांच्याही हातात काठोकाठ भरलेला मोठा कॅन होता. एकमेकांकडे न बघता त्यांनी दोन्ही कॅन ओतले. दुरुस्ती कोणाची, हे कुणी काढलं नाही. मेकॅनिक मान खाली घालून हात पुसत राहिला. त्याला माझ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

थोरल्याने आईचा हात धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं. धाकट्याने चावी फिरवली. नवा पंप हळूच 'घूं' करून गप्प झाला, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच काटा वर चढला.

"आई, बघ ना," धाकटा म्हणाला, "टाकी फुल्ल आहे."

आई म्हणाली, "कुठे बघू?"

गाडी गेली. संध्याकाळी भंगारवाला येईल आणि मला तांब्याच्या भावात नेईल. माझं काही मागणं उरलेलं नाही. पण तुम्ही, जे हे ऐकताय, तुमचा काटा आत्ता कुठे आहे ते उठून बघा. आणि तळाला असेल तर कुणाच्या भरवशावर ठेवलाय, तेही स्वतःला विचारा.