कोरं फडकं

'अहो' हा शब्द मोठा सोयीचा. बायको नवऱ्याला हाक मारते तोही 'अहो', आणि बसथांब्यावर अनोळखी माणसाला वेळ विचारायची तर तोही 'अहो'च. गेली दोन वर्षं कवळीवाल्यांचा संसार या एका शब्दाच्या आडोशाला चालला होता. सकाळी बायकोने 'अहो' म्हटलं की ते लगेच 'ओ' देत. हा 'अहो' कुठला, हे विचारायच्या भानगडीत ते पडत नसत.

कवळीवाले हे त्यांचं मैदानावरचं नाव. उभा जन्म लोकांच्या कवळ्या घडवण्यात गेला, आणि रविवार विमानं उडवण्यात. विमानं म्हणजे रिमोटवरची, पण कुणी पोराटोरांचं खेळणं समजून हसायला जाऊ नये. त्यांच्या आताच्या विमानाला पंख जोडले की दिवाणखान्यात आल्यागेल्याला भिंतीला चिकटून चालावं लागे. बायकोचं पडद्यांचं दुकान होतं. विमानाच्या सांगाड्यावर कापड तिनेच ताणून बसवलं होतं, आणि एवढ्या कापडात दोन खिडक्या निघाल्या असत्या हे ती त्यांना येताजाता ऐकवायची.

विमानाच्या नाकात ग्लो इंजिन होतं, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेवर पेटणारं. या इंजिनाला मिथेनॉल लागतं आणि त्यात एरंडेल मिसळावं लागतं. मिथेनॉल जळून जातं, पण एरंडेल सगळं जळत नाही. ते सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि पंखांवर, पोटावर, शेपटीवर बसतं. विमान उतरलं की ते तळणीतून काढल्यासारखं दिसतं. त्यामुळे ग्लो बाळगणाऱ्याला पुसण्यातून सुटका नाही.

पुसण्याचं काम पहिल्यापासून बायकोचं. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतलं मऊ फडकं घ्यायचं, नाकापासून सुरुवात करायची, शेपटीपर्यंत जायचं आणि मग ते फडकं उजेडात धरायचं. तेल स्वच्छ सोनेरी असलं तर इंजिन खूश. तपकिरी असलं तर ती म्हणायची, "तापलंय. सुई थोडी सोडा." मग कवळीवाले इंधनाची सुई जराशी सैल करायचे आणि पुढचं उड्डाण मजेत व्हायचं. मैदानावरचे बाकीचे इंजिनाला कान लावून डोकं खाजवत बसत. शेवटी तेही आपापली फडकी घेऊन तिच्यासमोर उभे राहू लागले.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा गेला, मग चुलीवरचं दूध, मग दुकानाची वाट, मग परगावी दिलेल्या मुलीचं नाव. हातातल्या चमच्याचं काय करायचं हेही कधी कधी कळेनासं झालं. पण रविवारी मैदानावर खुर्ची मांडून तिच्या मांडीवर फडकं ठेवलं, की विमान उतरेपर्यंत ती त्यावरून हात फिरवत बसायची. विमान समोर आलं की उठायची, पुसायची, फडकं उजेडात धरायची आणि म्हणायची, "तापलंय. सुई थोडी सोडा." तेवढा वेळ ती घरी परत आलेली असायची. कवळीवाले आठवडाभर त्या तेवढ्या वेळावर जगत.

त्यांचा दोस्त प्लगराव मात्र पेट्रोलवाला. बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता, निवृत्त झाला तरी अंगाचा वास निवृत्त झाला नव्हता. हे मोठं विमान बांधल्यापासून तो कवळीवाल्यांच्या हात धुऊन मागे लागला होता.

"अरे, एवढं धूड ग्लोवर उडवतोस? पिंपभर पितं ते. पेट्रोल टाक. कोपऱ्यावरच्या पंपावर मिळतं. सुई रोज पिळायला नको, विमान पुसायला नको. तुझं ते एरंडेल पोट साफ करायला ठीक आहे, इंजिनाला कशाला?"

"पेट्रोल इंजिन जड असतं," कवळीवाले म्हणायचे. "त्यात ठिणगीचं यंत्र आलं, त्याची वेगळी बॅटरी आली. हादरे बसतात."

कारणं सगळी खरी होती. खरं कारण त्यांत नव्हतं.

निकाल शेवटी विमानाच्या नाकावरच्या पंख्यानेच लावला. ग्लो इंजिनाच्या प्लगला चालू करताना बॅटरीची क्लिप लावावी लागते आणि इंजिन धडधडू लागलं की ती फिरत्या पंख्याच्या मागून काढून घ्यावी लागते. दातांच्या फटीत कोरीवकाम केलेला त्यांचा हात हल्ली कापायचा. एका रविवारी तो नको तेव्हा कापला, आणि पंख्याने उजव्या हाताचं बोट फाडलं. टाके पडले.

पट्टी होती तोवर घरात काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डाव्या हाताने तिच्या कपड्यांची बटणं लागेनात. वेणी घालताना केस ओढले गेले आणि ती लहान मुलीसारखी रडली. त्यांनाही रडू आलं. हात गेला तर हिचं कोण करणार, या विचाराने त्यांची झोप उडाली.

"तुझ्या हाताची मला काळजी नाही," प्लगराव म्हणाला, "पण तो हात आता तुझ्या एकट्याचा राहिलेला नाही."

पेट्रोल इंजिन आलं; त्याला ना क्लिप, ना पंख्यामागे हात घालणं. प्लगरावाने नाकाची भिंत कापून ते बसवलं, आणि म्हातारा पुन्हा मोहात पडायला नको म्हणून जुनं इंजिन दुसऱ्या गावच्या हौशी माणसाला देऊन टाकलं.

विमान झकास उडालं, हे कबूल केलंच पाहिजे. एका झटक्यात चालू झालं, आवाज भारदस्त, उतरलंही अलगद. प्लगरावाची कॉलर ताठ झाली. कवळीवाल्यांनी विमान आणून तिच्यासमोर ठेवलं.

ती उठली. नाकापासून शेपटीपर्यंत पुसत गेली. फडकं उजेडात धरलं. फडकं कोरं होतं. तिने ते उलटून पाहिलं, पुन्हा पुसलं, पुन्हा उजेडात धरलं. मग तिने फडक्याची बारीक घडी घातली, खुर्चीत बसली आणि परक्याच्या घरी आल्यासारखी मैदानाकडे बघत राहिली. सुईचं काही बोलली नाही. त्यानंतरच्या रविवारी फडकं मांडीवर ठेवलं तरी तिचा हात त्यावर फिरला नाही. विमान हवेत असतानाच ती विचारू लागली, "घरी कधी जायचं?"

कवळीवाले तक्रार कुणाकडे करणार? सगळ्यांनी बरोबरच केलं होतं. शहाणपणाचा निर्णय घेतला आणि त्यात बायको हरवली, असं सांगितलं असतं तर लोकांनी त्यांनाही विसराळू म्हटलं असतं.

एका रविवारी वारा फार होता. कुणीच विमान काढलं नाही, प्लगरावसुद्धा घरी गेला. कवळीवाल्यांनी तिला खुर्चीत बसवलं, विमान उचलून शेडच्या मागे नेलं आणि पिशवीतून एरंडेलाची उरलेली बाटली काढली. तळहातावर तेल घेऊन त्यांनी ते पंखांवर फासलं, पोटाला फासलं, शेपटीवर चार थेंब उडवले. आपण चोरी करतोय असं त्यांना वाटत होतं. पण हात थांबले नाहीत.

विमान समोर ठेवल्यावर तिने आधी नुसतं पाहिलं. मग फडकं उचललं. नाकापासून सुरुवात. हात असा सरसर चालला, की कवळीवाल्यांना समोरचं दिसेनासं झालं. पंख पुसून झाल्यावर तिने फडकं उजेडात धरलं. नाकाशी नेलं. तिच्या कपाळावर जुनी आठी उमटली.

"अहो," ती म्हणाली.

"ओ."

"हे विमान उडालेलंच नाही. तेल कच्चं आहे. कुणीतरी नुसतं फासलंय."

चोरी पकडली गेल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता. हिने पकडलं. म्हणजे ही आहे, अजून सगळीच्या सगळी आहे.

"मीच फासलं," ते कसेबसे म्हणाले. "चुकलो."

तिने आजूबाजूला पाहिलं, जवळ आली आणि आवाज खाली आणला.

"असू दे. पण आमच्या ह्यांना सांगू नका हं. उडालं नाही कळलं तर त्यांना फार वाईट वाटेल."

कवळीवाले तेलकट हात तसेच धरून उभे होते.

"नाही सांगणार," ते म्हणाले.

तिने मान डोलावली आणि ती शेपटीवरचं उरलेलं तेल पुसायला लागली.