इरकलीच्या काठाची खूण

भार्गवी कुलकर्णी ही हुबळीच्या देशपांडे नगरातली दातांची डॉक्टर. हात हलका, पण लेखणी उतावळी. धारवाडला मावशीला भेटून चिगरी या एसी सिटी बसनं हुबळीला परतताना धारवाडातच, ज्युबिली सर्कलजवळ तिनं सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं, तर कुसुमावतीअक्कांच्या पुस्तकांच्या दुकानाचं शटर खाली होतं. वरचा मराठी-कन्नड बोर्डही नव्हता, नुसते लोखंडी हूक दिसत होते.

'गेलं,' ती मनात म्हणाली आणि तिला वाईट वाटलं. ते खरोखरच वाटलं होतं, त्यात लबाडी नव्हती. पण पुढच्या थांब्यावर उतरून चौकशी करावी, असं काही तिला वाटलं नाही. बस गार होती आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

घरी आल्या आल्या तिनं कपाट उघडलं. अक्कांच्या दुकानाची एक रीत होती. पुस्तक घेतलं की जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची बोटभर पट्टी त्या पहिल्या पानावर ठेवून देत. पट्टीच्या कडेला त्यांनी स्वतः टाके घातलेले असत. "पान दुमडू नको गं, खूण घाल," एवढंच म्हणत. भार्गवीच्या पुस्तकांतल्या पट्ट्या शोधायला फार वेळ लागला नाही. पुस्तक उघडलं की हातातच येत होत्या. तिनं त्या पांढऱ्या चादरीवर मांडल्या, फोटो काढला आणि लिहायला बसली. कॉलेजचे दिवस, फुकट वाचू देणाऱ्या अक्का, स्टुलावर बसून संपवलेल्या कादंबऱ्या, सगळं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'दुकान गेलं, काठ राहिला.' हे वाक्य तिला इतकं आवडलं की नवऱ्याला, वरदला, तिनं ते दोनदा वाचून दाखवलं.

मजकूर हुबळी, धारवाड, बेळगावच्या सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरला. कुणीतरी तिचं नाव गाळून तो पुढं पाठवला, त्याचा तिला रागही आला. लोकांनी डोळे पुसले. काहींनी तर अक्काच गेल्या असं समजून श्रद्धांजली वाहिली.

दसरा होऊन गेला. एका संध्याकाळी वरद धारवाडहून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "अगं, अक्कांचं दुकान चालू आहे की. मी आत्ताच बोलून आलो. बोर्ड रंगवायला दिलाय, यंदा पेंटरनंच उशीर केला म्हणे."

खरं तर हे भार्गवीला माहीत होतं. खंडेनवमीला कुणी नांगराची पूजा करतं, कुणी वजनकाट्याची. अक्का बोर्डाची करायच्या आणि त्याआधी दरवर्षी तो उतरवून पेंटरकडं द्यायच्या. कॉलेजात असताना एकदा भार्गवीनंच तो रिक्षात आडवा धरून आणला होता. आणि दुपारी अक्का जेवून घटकाभर पडतात, तेव्हा शटर खालीच असतं, हे तर उभ्या धारवाडला ठाऊक. दसऱ्याच्या तोंडावर, भर दुपारी दुकान बंद दिसलं आणि हिनं त्याचं तेरावं घालून टाकलं.

मग तिला दिवाळी आठवली. अक्कांचं दुकान वर्षभर तगायचं ते दिवाळी अंकांवर. दसऱ्याच्या सुमारास लोक येऊन आपापले अंक सांगून ठेवत. यंदा मेलेल्या दुकानात अंक सांगायला कोण जाणार?

तिनं रातोरात ग्रुपवर लिहिलं, 'दुकान सुरू आहे, माझी चूक झाली, कृपया जा.' दोन-चार अंगठे आले. पुढं कुणीच पाठवलं नाही. चालू दुकानासाठी रडता येत नाही ना.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ती गेली. हूक अजून रिकामेच होते. आत सत्तरीच्या अक्का एकट्या, मांडीवर लुगडं घेऊन काठ उसवत बसल्या होत्या. अंकांचे ढीग जिथं लागायचे त्या टेबलावर जेवणाचा डबा होता.

"ये की गं. किती वर्षांनी," अक्का म्हणाल्या. भार्गवीनं तोंड उघडलं, पण त्यांचंच सुरू झालं. "गंमत सांगते. लोक दारातनं मला बघतात आणि दचकतात. परवा एक मास्तर चक्क हार घेऊन आले. मी म्हटलं, आणलाच आहे तर त्या गणपतीला घाला."

अक्का हसल्या. भार्गवीला हसता येईना.

"दिवाळी अंक, अक्का?"

"पुण्याहून अंक पाठवणाऱ्या माणसानं माझे अंक बेळगावला लावून दिले. दुकान बंद झालं असं वाचलं म्हणे त्यानं. फोन केला तर म्हणतो, तुमच्यावरचं वाचून मी रडलो हो. रडला, पण अंक काही देईना. आणि आपले लोक ऑनलाईन मागवून मोकळे झाले."

"अक्का, ते मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. फोटोत माझ्या आईच्या लुगड्याचा काठ होता. तो फक्त तुला लग्नात दिलेल्या पुस्तकात घातला होता मी."

"मग फोन का नाही केलात? शिव्या तरी द्यायच्या."

"कशाला? चांगलं लिहिलंयस. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या." अक्कांनी सुईत दोरा ओवला. "थोडी घाई केलीस, एवढंच."

"मी पुण्याला बोलते. पेंटरकडनं बोर्ड तरी आणते."

"इरली बिडु, राहू दे. दिवाळीच गेली तर वर्ष कशावर काढू? जागेच्या मालकाला सांगून टाकलं, पुढच्या महिन्यात सोडते म्हणून." मग नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाल्या, "एवढं छान लिहिलंयस, ते खोटं कसं पाडू?"

त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. भार्गवी उठली आणि फळीवरची पुस्तकं भराभर काढून टेबलावर रचू लागली. अक्कांनी वरचं उचलून पाहिलं.

"हे गुरांच्या रोगांवरचं आहे. वाचणार काय?"

भार्गवी रडायला लागली. अक्कांनी तिला रडू दिलं, पाणी दिलं, पुस्तकं परत फळीवर लावली. निघताना शिवून तयार असलेल्या पट्ट्यांची पिशवी तिच्या हातात ठेवली. "घेऊन जा. आता माझ्याकडं कशात घालायच्या? तुला आवडतात ना."

घरी कपाटात त्या दिवशीच्या पट्ट्या चादरीत गुंडाळून तशाच पडल्या होत्या. भार्गवीनं त्या जागच्या जागी ठेवायला घेतल्या. कुठली पट्टी कुठल्या पानावर होती, हे आठवावं लागलं नाही. स्टुलावर फुकट वाचलेली पुस्तकं तिची वाचून झाली होती. अक्कांकडून विकत आणलेल्या एकाही पुस्तकातली खूण पहिल्या पानाच्या पुढं सरकली नव्हती.