पाठीमागचं बोलणं

भिंगकाकांना सगळे भिंगकाका म्हणत, त्याला कारण होतं आणि ते कारण काकांच्या शर्टाच्या खिशात असायचं. छत्तीस वर्षं त्यांनी कापडाच्या गिरणीत एकच काम केलं, तपासणीचं. मोठं काचेचं टेबल, काचेखाली दिवे आणि वरून सरकत जाणारं कापड. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे रंग उडालाय असं दिसलं की काका पायाने यंत्र थांबवायचे, खिशातून भिंग काढून बघायचे, खडूने गोल करायचे आणि विणणाऱ्याला हाक मारायचे. आणि कापड चांगलं असेल तर? तर काही नाही. ते आपलं पुढे सरकायचं. चांगल्या कापडासाठी कुणाला हाक मारायची पद्धत नव्हती. चूक दिसली तर बोला, नाहीतर गप्प बसा, असा त्या खोलीचा कायदाच होता.

काका निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता हा कायदा ते घरी आणणार. छे हो, कायदा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घरी आला होता. काकूंनी चौतीस वर्षांत जे काही शिजवलं, शिवलं, धुतलं, वाळवलं आणि घडी घातलं, त्यातलं चांगलं होतं ते मुकाट्याने पुढे सरकलं. बिघडलं तेवढ्यावर खडूचा गोल पडला. "उशीचा अभ्रा उलटा आहे." "दाराची कडी पूर्ण लागलेली नाही." "आज मीठ विसरलीस का?" काकूंनी यातून एक हिशेब बांधला होता. ज्या दिवशी नवरा अवाक्षर बोलत नाही, तो दिवस सणाचा.

काकू काही सोशिक-बिशिक नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. जिभेने त्या काकांना दहादा विकून आल्या असत्या. "ह्यांच्या मुंजीत ह्यांनी भटजींच्या धोतराची शिवण तपासली असेल," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि काका खाली बघून चहा प्यायचे.

त्या काकूंना ऐकू येईनासं झालं. डावा कान लहानपणीच गोवराने गेलेला. सगळा संसार उजव्या कानावर चालला होता, आणि गेल्या दोन वर्षांत तोही बंद होत आला. मशीन लावून पाहिलं, ते शिट्ट्या मारायचं. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू. दहातल्या आठांना चांगलं ऐकू येतं. एकदोघांचं मात्र आहे तेवढंही जातं.

डॉक्टरांकडून घरी आल्यावर काकू चपला काढता काढता म्हणाल्या, "अहो, माझं एक काम करा. गुरुवारी ऑपरेशन आहे. त्याच्या आत मला तुमच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकवा. कान जायचा असेल तर जाऊ दे बापडा, पण जाताना त्यात तेवढं एक असू दे. नाहीतर शेवटचं काय ऐकलं म्हणून आठवायला बसायची मी, आणि आठवायचं काय, तर मीठ विसरलीस का."

त्या हसत हसत म्हणाल्या, पण काकांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बायको थट्टा करते तेव्हा तिचे डोळेही हसतात, हे त्यांना चौतीस वर्षांत नीट कळलं होतं. या वेळी डोळे हसत नव्हते. आजवर तिने काही मागितलेलं त्यांना आठवेना, आणि मागून मागितलं ते नेमकं त्यांच्या दुकानात नसलेलं.

सोमवारी ते न्हाव्याकडे गेले. हा न्हावी त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र. गावातल्या निम्म्या डोक्यांत काय चाललंय हे त्याला बाहेरून कळतं, असं तो स्वतःच सांगायचा. काकांनी खुर्चीत बसून, गळ्याभोवती कापड आवळलेलं असताना, आरशात बघत अडचण सांगितली.

"अरे भिंग्या, यात अवघड काय आहे?" न्हावी कात्री वाजवत म्हणाला. "सुरुवात लहानापासून कर. चहा दिला की म्हण, चहा छान झालाय. तीन शब्द. म्हणून दाखव."

"चहा छान झालाय," काका म्हणाले.

"असा म्हणतोस, जसं काही चहाला समन्स काढलंय. परत."

सात वेळा म्हणून झालं. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला चहाची तलफ आली आणि त्याने मागवला. काका घोकत घोकत घरी आले. टेबलावर कप आला तसा त्यांनी एक घोट घेतला, घसा साफ केला आणि काकूंच्या उजव्या कानाशी जाऊन, जरा मोठ्यानेच म्हणाले, "चहा छान झालाय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अगं, ऐकलंस का? बाबा म्हणताहेत चहा छान झालाय."

दोन गल्ल्या पलीकडे राहणारी लेक कपबशा पुसत बाहेर आली. चहा तिने केला होता. ती शाळेत गणित शिकवायची, बापाला चांगली ओळखून होती, आणि चौतीस वर्षांची पहिली शाबासकी भलत्याच पत्त्यावर गेल्याचं पाहून ती दारातच खाली बसून हसली. काकूही हसल्या. काका म्हणाले, "साखर मात्र जास्त आहे," आणि तो दिवस गेला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. काका शब्द जुळवायचे, बायकोसमोर उभे राहायचे, आणि ती "काय हो?" म्हणून बघायला लागली की दातखीळ बसायची. समोर डोळे असले की त्यांना बोलताच यायचं नाही. कापडाला डोळे नसतात.

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात काकूंना ढकलगाडीवर झोपवून नेलं. काका बरोबर चालत होते. लांबलचक व्हरांडा होता, त्याच्या टोकाला दोन दारं होती, आणि दारांपर्यंत बोलायचंच असं ठरवून काका मनात शब्द धरून होते. काकूंनी उजवा कान त्यांच्या बाजूला केला होता. दारं आली. काका वाकले आणि म्हणाले, "ह्या गाडीचं मागचं चाक वाकडं चालतंय."

काकूंनी डोळे मिटले. रागाने मिटले की हसू दाबायला, ते काकांना कळलं नाही. दारं बंद झाली. काका बाहेरच्या बाकावर दीड तास बसले आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की लेकीने आणलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही. बाई आत एकटी आहे, तिच्या कानात शेवटचं वाक्य चाकाचं आहे, आणि ते आपण घातलंय, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण कानात औषधाची पट्टी भरली होती. ती हळूहळू विरघळेल, तीन आठवड्यांनी साफ करू, मग काय ते कळेल, तोवर काही ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेकीने लिहून बोलायला पाटी आणून दिली.

थंडी सरत आली होती. दुपारी खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत यायचा आणि काकू त्यात खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून काहीतरी निवडत बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्या मटार सोलत होत्या. काका मागे पलंगावर बसून बघत होते. त्यांनी सहज हाक मारली, "अगं." उत्तर नाही. "ऐकतेस का?" काही नाही. काकांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मटार छान सोलतेस तू. एक दाणा खाली पडू देत नाहीस."

छप्पर कोसळलं नाही. काकूंची पाठ तशीच होती आणि दाणे टपटप ताटलीत पडत होते. काकांना मात्र जोडा चावत असताना तो काढून टाकावा तसं बरं वाटलं. मग म्हणाले, "चाकाचं बोलायचं नव्हतं मला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरंच होतं."

आणि मग काय विचारता. चौतीस वर्षं मुकाट्याने पुढे सरकवलेलं सगळं कापड काकांनी परत मागे ओढायला सुरुवात केली. रोज दुपारी, उन्हात, त्या पाठीशी. थंडीत तू माझा टॉवेल आधी शेगडीजवळ धरतेस आणि मग देतेस, मला वाटायचं टॉवेल गरमच असतात. मानेवर गळू झालं होतं तेव्हा तू सगळ्या शर्टांच्या कॉलरी आतून मऊ कापडाने शिवल्यास, मी म्हणालो टाके दिसतात. पोरगी तापाने फणफणली होती आणि मला पहाटेची पाळी होती, तू मला उठवलं नाहीस, आठ दिवसांनी कळलं मला. न्हाव्याचे तेच ते विनोद तू दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसतेस, म्हणून तो येतो, नाहीतर माझ्याकडे कोण येतंय.

एकदा लेक अचानक आली आणि दारात थबकली. बाप पलंगावर मांडी घालून, हात हलवत बोलतोय, आणि आई खिडकीशी बटाटे सोलतेय.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आईला ऐकू येत नाहीये."

"म्हणून तर बोलतोय," काका म्हणाले.

बाहेर रस्त्यावरच्या झाडांनी पानं टाकून दिली, आणि दुसऱ्या आठवड्यात उघड्या फांद्यांवर बारीक पोपटी टोकं दिसायला लागली. काकांनी तेही पाठीला सांगितलं. काकूंचं काम मात्र अलीकडे फार मंदावलं होतं. एक बटाटा त्या इतका वेळ सोलायच्या की शेवटी हातात सुपारीएवढा उरायचा. एका दुपारी तर त्या निवडलेलेच तांदूळ परत निवडत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. काकांना वाटलं, उन्हाकडे बघून पाणी आलं असेल. त्यांनी उठून पडदा जरा ओढला आणि बसल्यावर बोलणं पुढे चालू केलं.

जसजसा दिवस जवळ आला तसतशी काकांची झोप उडाली. आदल्या दुपारी ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ऊन इथे बरं येतं. पण तू नसलीस की मी खुर्ची इथे ओढत नाही. माझ्या लक्षातच येत नाही ऊन आलंय ते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिवा लावून कान साफ केला, चिमट्याने काय काय काढलं, आणि काकूंना भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. "काका, तुम्ही मागे उभे राहा. चार पावलं. नेहमीच्या आवाजात काहीही बोला. बघू त्यांना कळतं का."

काका मागे उभे राहिले. समोर तीच पाठ होती, तोच अंबाडा, तोच थोडासा खाली गेलेला उजवा खांदा. तीन आठवडे या पाठीशी ते धबधब्यासारखे बोलले होते. आणि आता एकाएकी तोंड उघडेना. ऐकू आलं तर? ऐकू आलं नाही तर? खोलीत घड्याळ वाजत होतं. लेक ओढणीचं टोक पिळत होती.

डॉक्टर काकूंच्या चेहऱ्याकडे बघत थांबले. चेहऱ्यावर काही हललं नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "काहीच नाही का?" ते स्वतःशीच म्हणाले.

"डॉक्टर," काकू भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "ते बोलतच नाहीत. मी ऐकणार काय?"

लेकीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर काकांकडे वळले. काका उभ्या जागी पुतळा झाले होते.

"बोला की हो," काकू म्हणाल्या. "कालचं उन्हाचं नको, ते ऐकून झालं. आज नवीन सांगा."

काकांना ते वाक्य कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "काल," ते म्हणाले. "कधीपासून ऐकू येतंय तुला?"

"आधी पुसट पुसट यायचं. टॉवेलाचं अर्धंच आलं मला. कॉलरीपासून स्वच्छ."

"म्हणजे दहा-अकरा दिवस." काकांनी बोटांवर मोजलं. "आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुमचं तोंड बंद झालं असतं," काकू म्हणाल्या. "पाठ अवघडली माझी बसून बसून, पण वळले नाही." आणि मग त्या वळल्या. सबंध खुर्चीच वळवली त्यांनी, आणि काकांच्या डोळ्यांत बघितलं.

काकांनी जमिनीकडे पाहिलं. सवयीने हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी मान वर केली.

"मला भीती वाटत होती," ते म्हणाले. "तुला ऐकू येणार नाही, ही पहिल्यांदा होती. पुढे पुढे दुसरीच वाटायला लागली. तुला ऐकू येईल आणि मी परत गप्प होईन, ही."

काकूंना थट्टा सुचली नाही, असं चौतीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. त्यांनी बाजूचं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि त्यावर हात आपटून काकांना बसायची खूण केली. काका बसले, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे.

"बोला," काकू म्हणाल्या. "दिसतेय मी तुम्हाला. तरी बोला."

काका बोलायला लागले. आधी अडखळत, मग जरा बरं. डॉक्टरांनी दार किलकिलं करून बाहेरच्या पेशंटला अजून पाच मिनिटं थांबायला सांगितलं.