फेरीतून सुटलेला पलंग

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी उभी हयात वेचलेल्या ताईची सकाळची फेरी कोपऱ्यातल्या पलंगाशी आली की वळसा घेई. प्रत्येक रुग्णाचा घोटा स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहणारी ती, तेवढा एक पलंग सोडून पुढे जाई. त्यावर तिचा धाकटा भाऊ डायलिसिससाठी झोपलेला असे.

कारण त्याला ठाऊक होते. यंत्रातले द्रावण किंचित थंड ठेवल्यास रुग्णांचा त्रास कमी होतो का, हे ताई अनेक देशांतल्या रुग्णालयांसह तपासत होती. कोणाला थंड, कोणाला नेहमीचे, हे सोडतीने ठरे. भावाच्या वाट्याला नेहमीचे आले. पक्षपाताचा बोल लागू नये म्हणून तिने त्याला कनिष्ठ डॉक्टरांकडे सोपवले; आणि ताईने पूर्वी ठरवून दिलेल्या वजनाच्या आकड्याला हात लावण्यास ते धजावत नसत.

भावाला थोरलीचा कोण अभिमान! पण हल्ली उपचार संपता संपता पायांत असे गोळे येत की ब्रह्मांड आठवे. त्या दिवशी त्याने हाक मारलीच.

"ताई, जगाचे घोटे दाबून झाले असतील तर इकडेही बघ. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच."

"ओरडू नकोस. काय हवंय?"

"थंड द्रावण. नाहीतर पुढच्या पाळीला मी येत नाही."

"मग जगणार कशावर? माझ्या भाषणांवर?"

"ती ऐकून तर कधीच मेलो असतो!"

शेजारचा रुग्ण फिसकन हसला. ताई हसली नाही. "सोडत बदलणार नाही. आज मी भावासाठी बदलली, तर उद्या तिकडे कोणी बापासाठी बदलेल. मग आपल्या हाती काय लागेल? कप्पाळ!"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. पावले मात्र दूर गेली नाहीत. घोट्यावर अंगठा टेकला. सूज नव्हती. मग ताईने त्याचा दंड चाचपला, पँटचा पट्टा पाहिला.

"पट्टा कधी सैल केलास?"

"भूक परतलीये. तुझी भावजय म्हणते, जावयासारखा जेवतोस."

"अरे, तू अंगाने भरलास! आणि आम्ही जुन्याच वजनापर्यंत तुझ्यातलं पाणी काढतोय. गोळे येतील नाहीतर काय?" ती कनिष्ठ डॉक्टरांकडे वळली. "द्रावण तेच ठेवा. रक्तदाब पाहत याचं ठरलेलं वजन हळूहळू वाढवा." मग भावाला म्हणाली, "सोडतीने फक्त द्रावण ठरवलं होतं. तुझ्याकडे बघायचं नाही, हे माझं मीच ठरवलं. चुकलं माझं."

"पुन्हा म्हण. शेजाऱ्यांना नीट ऐकू आलं नाही."

थंड द्रावणाचा निकाल लागायला अजून बराच अवकाश होता. भावाचे पाय मात्र काही पाळ्यांतच शांत झाले. एका सकाळी फेरी कोपऱ्यापासूनच सुरू झाली.

"काय रे, येणार नव्हतास ना?"

"तुझी फेरी इथवर येते का, ते बघायला आलो," तो म्हणाला आणि त्याने पाय पांघरुणाबाहेर काढला.